हॉर्सपॉवर राहू द्या, फेन्सबद्दल बोला!

घरच्या छोट्या वर्कशॉपसाठी टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल ब्लेडचं लाकूड कापायचं यंत्र, निवडायला बसलं की डोकं फिरतं. मॉडेलं ढीगभर आहेत, पण जे विचारावं त्याचं उत्तर कुणी देईल तर शपथ! खोक्यावर ठळक अक्षरांत काय, तर ३ हॉर्सपॉवर. आणि मोटारीवरच्या पट्टीवर, डोळे बारीक करून वाचावं तेव्हा दिसतं, १५०० वॅट. अहो, १ हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, हे शाळेत शिकवतात. काहीही वाया गेलं नाही असं धरलं तरी १५०० वॅटचे जेमतेम २ होतात. बरं, हे वॅट मोटार ओढते ते, ब्लेडपर्यंत पोचतात ते त्याहून कमीच. मग तिसरा आला कुठून? तर म्हणे 'पीक'. मोटार लाकडात अडकून बंद पडायच्या बेतात असताना क्षणभर जे ओढते, त्यावरून काढलेला आकडा. त्या ताकदीवर कुणाची फळी कापून होणार आहे? धडधडीत फसवणूक आहे ही, आणि सगळे ती खपवून घेतात.

आणि पॉवरचा मुद्दा तरी एवढा मोठा कुठे आहे? काम अडतं ते फेन्सपाशी, म्हणजे ब्लेडला समांतर आवळून जिला टेकवत फळी पुढे सरकवतात त्या कठड्यापाशी. एका दुकानात मांडून ठेवलेल्या सॉची फेन्स मी सरकवली, खटका दाबला आणि पट्टी लावून बघितलं. पुढचं टोक जागच्या जागी, मागचं टोक चांगलं मिलिमीटरभर ब्लेडकडे झुकलेलं. पुन्हा सोडून आवळली, तर या वेळी भलतीकडेच. विक्रेता शांतपणे म्हणाला, "सर, एवढं चालतं हो."

नाही चालत! फेन्स मागे ब्लेडकडे झुकली की फळी फेन्स आणि ब्लेडच्या मागच्या दातांच्या मध्ये दाबली जाते. मागचे दात खालून वर येत असतात. ते फळी उचलतात आणि उभ्या माणसाच्या अंगावर भिरकावतात. किकबॅक म्हणतात तो हाच. १० इंची ब्लेड मिनिटाला ४००० फेरे घेतं तेव्हा दातांचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास जातो. ती फळी पोटात बसल्यावर "एवढं चालतं" हे कोण ऐकून घेणार?

यावरचा उपाय म्हणजे रायव्हिंग नाइफ, ब्लेडच्या लगेच मागे उभी असणारी पोलादी पट्टी. ती ब्लेडबरोबर वरखाली होते आणि कापलेल्या फटीत राहून फळीला मागच्या दातांवर चढू देत नाही. स्वस्त मॉडेलांत तिच्याऐवजी नुसता एका जागी ठोकलेला स्प्लिटर देतात, तो ब्लेडबरोबर हलत नाही, आणि खाच मारायची म्हटलं की काढून ठेवावा लागतो. एकदा काढला की पुन्हा कोण लावतो? माहितीपत्रकात मात्र दोन्हींना एकच नाव, 'सेफ्टी किट'. व्हिडिओवाले तर त्याहून पुढचे. "नीट दिसावं म्हणून ब्लेडवरचा गार्ड काढलाय" म्हणायचं आणि तसंच सगळं काम करून दाखवायचं. नवशिका ते बघून शिकतो हो! स्टीव्हन गास यांनी बोट लागताच ब्लेड काही मिलिसेकंदांत थांबवणारी कल्पना १९९९ मध्ये मांडली. एवढी वर्षं पेटंटांची भांडणं झाली आणि अजूनही बहुतेक लहान सॉमध्ये ती सोय नाही. ज्यांची बोटं गेली त्यांनी कुणाकडे बघायचं?

माइटर स्लॉटची, म्हणजे टेबलावर ब्लेडला समांतर असलेल्या खाचेची, वेगळीच कटकट. सर्वसाधारण माप पाऊण इंच रुंदीचं. पण काही लहान सॉमध्ये तो अरुंद किंवा उथळ असतो, म्हणजे बाजारातला माइटर गेज (फळी कोनात धरून सरकवायचं साधन) बसत नाही आणि स्वतःचा स्लेड (फळी ठेवून सरकवायचा पाट) करायचा तर पट्ट्याही वेगळ्या तासा. हे माप जाहिरातीत कधीच नसतं. ब्लेडच्या भोकाचंही तेच, कुठे ५/८ इंच, कुठे ३० मिलिमीटर, आणि घरी आणल्यावर कळतं.

आणि 'कॉम्पॅक्ट' हा शब्द वापरणाऱ्यांनी कधी ८ फुटी फळी उभी फाडली आहे का? यंत्र दोन फुटांत मावतं, कबूल. पण फळी आधी ८ फूट समोर असते आणि कापून झाली की ८ फूट मागे. म्हणजे १६ फुटांहून जास्त मोकळी जागा हवी, आणि मागे तिला आधार द्यायला टेबल किंवा स्टँड, नाहीतर शेवटच्या फूटभरात ती खाली झुकते आणि हात नको तिथे जातो. छोट्या खोलीत प्लायचा ८ बाय ४ चा अख्खा ताव टेबल सॉवर चढवूच नये. तो आधी हातात धरायच्या सर्क्युलर सॉने गाईड पट्टी लावून फाडावा आणि तुकडे सॉवर घ्यावेत. हे सांगितलं तर दोन मॉडेलं कमी खपतील, म्हणून सांगत नाहीत!

त्या खोक्यावर हॉर्सपॉवरच्या जागी एवढं छापा: आवळल्यावर फेन्सची पुढची आणि मागची टोकं स्लॉटपासून किती अंतरावर राहतात, रायव्हिंग नाइफ आहे की स्प्लिटर, स्लॉटची रुंदी आणि खोली, ब्लेडचं भोक. चार ओळी आहेत. त्यासाठी आम्ही दुकानात पट्टी घेऊन का फिरायचं?