ग्रामसभा व्हॉट्सअ‍ॅपवर उरकायची म्हणता?

"ग्रामसभेला कुणी येत नाही. सगळ्यांच्या हातात मोबाइल आहे. ग्रुपवर पोल टाका, ठराव मंजूर करा. भांडणं टळतील, कारभार पारदर्शक होईल." अशा अर्थाचा मजकूर गावोगावच्या ग्रुपवर फिरतो आणि खाली पटापट अंगठे पडतात. त्यातलं एकेक वाक्य घेऊ.

'कुणी येत नाही.' बहुतेक गावांत हे खरंच आहे. पण लागतात किती? गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली जी संख्या कमी असेल ती. म्हणजे अडीच हजार मतदारांच्या गावात शंभर माणसं पुरतात. तेवढीही जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. खरी मेख इथं आहे. पहिली सभा बिनबोभाट तहकूब होऊ द्यायची, दुसरीला आपली पंधरा-वीस माणसं बसवायची आणि मग हजेरीचं रजिस्टर घरोघर फिरवून सह्या गोळा करायच्या, हा उद्योग ठाऊक नसलेलं गाव विरळाच. लोक येऊ नयेत अशीच ज्यांची सोय आहे, त्यांच्या हातात पोल देऊन काय साधणार? ग्रुप वापरायचाच तर विषयपत्रिका आठवडाभर आधी टाकायला वापरा. दवंडी न पोचलेल्या वस्तीवर ती पोचेल.

'सगळ्यांच्या हातात मोबाइल.' राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशाच्या ग्रामीण भागात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया 24.6 टक्के होत्या, पुरुष 48.7. आज दोन्ही आकडे वाढले असणार, हे मान्य. तरीही पंचायतीच्या ग्रुपची सदस्ययादी उघडून बायकांची नावं मोजा. घरटी एक नंबर असतो, तो कर्त्या पुरुषाचा नाहीतर थोरल्या पोराचा. कायदा मात्र प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायला सांगतो. शिवाय व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची मर्यादा 1024 सदस्यांची. वर सांगितलेल्या गावातले निम्म्याहून जास्त मतदार बाहेरच राहिले, आणि आत कोण? पुण्या-मुंबईत नाव नोंदवून बसलेले चाकरमानी आणि दोन सिमवाले.

'पोल घेऊन ठराव.' सभेत ठरावाला सूचक लागतो, अनुमोदक लागतो, आणि मधेच कुणीतरी उठून "रस्ता करा, पण आधी गटार" म्हणू शकतो. पोलमध्ये प्रश्नही अ‍ॅडमिनचा आणि पर्यायही त्याचेच. त्यात कुणी काय निवडलं ते साधारणपणे नावानिशी दिसतं. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं मतदान आडवी बाटली-उभी बाटली अशा चित्रांच्या मतपत्रिकेवर गुप्तपणे होतं, ते उगाच नाही. दुकानदाराचा भाऊ ज्या ग्रुपमध्ये आहे तिथं आडव्या बाटलीला कोण हात लावेल?

आता भांडणं. मला विचाराल तर ती टळू नयेतच. घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेपुढे ठेवायची असते. ग्रामसेवक नावं वाचत असतो, अर्धे लोक तंबाखू मळत असतात, आणि एका नावाला मागून आवाज येतो, "अहो, त्यानं तर घरावर स्लॅब टाकलाय गेल्या साली." हशा होतो, तो माणूस तावातावानं उठतो, दोन म्हाताऱ्या मधे पडतात आणि नाव राहावं की जावं याचा फैसला सगळ्यांदेखत होतो. तीच यादी ग्रुपवर आली की ती चौदा पानांची, तिरकी स्कॅन केलेली पीडीएफ असते. खाली दोन नमस्कार, एक 'अभिनंदन', आणि मग कुणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर. ज्याला शंका आहे तो ग्रुपवर लिहीत नाही, कारण लिहिलेल्याचा स्क्रीनशॉट निघतो.

हिवरे बाजारचं उदाहरण सगळेच देतात, मीही देतो, पण दुसऱ्या कारणासाठी. तिथं पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिकं ठरतात, उसासारखी पाणीखाऊ पिकं बंद केलेली आहेत. स्वतःच्या शेतात काय लावायचं नाही हे शेतकऱ्यानं मान्य करणं साधी गोष्ट नव्हे. शेजाऱ्यानंही तेच कबूल केलंय हे समोरासमोर ऐकलेलं असतं, म्हणून ते टिकतं.

राहिली पारदर्शकता. इथं मी ऑनलाइनच्या बाजूचा आहे, आणि तक्रार उलटी आहे: जिथं इंटरनेट उपयोगी पडतं तिथंच पंचायती ते वापरत नाहीत. ई-ग्रामस्वराज हे केंद्र सरकारचं पंचायतींच्या कारभाराचं पोर्टल एप्रिल 2020 पासून आहे. आपल्या ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च तिथं कुणालाही लॉगिन न करता पाहता येतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या (2021-26) पैशातला 60 टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित, म्हणजे त्याच कामांवर खर्चायचा होता. तो खरंच पाइपलाइनवर गेला का, हे त्यातून धुंडाळता येतं. सभा झाल्यावर इतिवृत्ताच्या पानांचे सरळ, वाचता येतील असे फोटो, मंजूर कामाचं अंदाजपत्रक, ठेकेदाराला दिलेल्या रकमेचा आकडा एवढं ग्रुपवर टाकायला कुठला पोल लागत नाही. पुढच्या सभेची नोटीस आली की अंगठा देऊ नका. मागच्या सभेचं इतिवृत्त मागा, त्याच ग्रुपवर, आणि सभेला जाताना त्याची एक छापील प्रत सोबत न्या.