सही कोणाची?

आमच्या घरात सध्या एकच विषय आहे, भाच्याची एलडीसीची, म्हणजे सरकारी कनिष्ठ कारकुनाच्या जागेची परीक्षा. गोवा कर्मचारी निवड आयोग ती आता संगणकावर घेतो. मंगेशीला अभिषेक झाला, म्हाळसेची ओटी भरून झाली, मामाच्या ओळखीच्या आमदाराकडे एक फेरीही झाली (तिचा उपयोग नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण फेरी मारल्याशिवाय जिवाला बरं वाटत नाही). एक गोष्ट मात्र त्याला कोणी सांगत नाही. जो संगणक त्याची परीक्षा घेणार आहे, तोच उद्या त्याच्या टेबलावरचं निम्मं काम करणार आहे.

मी सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागले आणि हेड क्लार्क म्हणून निवृत्त झाले. एलडीसीचं काम काय असतं हे मला कोणी शिकवायला नको. आलेला कागद इनवर्डला चढवायचा, जुन्या फाइलीत आधीचा पत्रव्यवहार शोधायचा, टिपण लिहायचं, मसुदा करायचा, साहेबांपुढे ठेवायचा, उत्तर आलं नाही की स्मरणपत्र काढायचं. यातलं एकही काम असं नाही की जे आजचं एआय करू शकत नाही. भाच्याच्या मोबाईलवर मी स्वतः पाहिलं. म्हटलं, अमुक पंचायतीला बेकायदा बांधकामाच्या पाहणीचा अहवाल मागितला होता, उत्तर नाही, तर रिमाइंडर लिही. मी चष्मा पुसेपर्यंत पत्र तयार. ‘यू आर वन्स अगेन रिक्वेस्टेड’ होतं, ‘मॅटर मे बी ट्रीटेड अ‍ॅज मोस्ट अर्जंट’ होतं, आणि शेवटी ‘फेलिंग विच’ने सुरू होणारी ती गोड धमकीसुद्धा होती. ती नेमकी कुठे घालायची हे कळायला मला नोकरीतली कित्येक वर्षं आणि दोन-तीन खडूस साहेब लागले होते. भाचा हसत होता. मला हसू आलं नाही.

रोबो म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लोखंडी माणूस येतो. तो घरी येणार, भांडी घासणार, मासळी कापणार. म्हणून लोक विचारतात, मोलकरणीचं काय होणार? वेटरचं काय होणार? माझ्या मते प्रश्न उलट्या बाजूने विचारायला हवा. हान्स मोरावेक नावाच्या रोबोशास्त्रज्ञाने १९८८ सालीच लिहून ठेवलंय की बुद्धिबळ किंवा बुद्ध्यांकाच्या चाचणीत यंत्राला मोठ्या माणसाइतकं हुशार करणं त्या मानाने सोपं, पण बघण्या-चालण्या-हाताळण्यात वर्षभराच्या पोराची बरोबरी करून दाखवणं महाकठीण. त्याला आता सदतीस-अडतीस वर्षं होत आली. यंत्रं बुद्धिबळात जगज्जेत्याला हरवून मोकळी झाली, वकिलासारखी नोटीस लिहायला लागली. पण आमच्या कुळागरातल्या (माड-पोफळीच्या बागेतल्या) माडावर चढणारं यंत्र काही अजून आमच्या दारात आलेलं नाही.

पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा, काय करतो ते कधी खाली उभं राहून नीट बघा. माडाला हात लावायच्या आधी तो मान वर करून बघतो, झाड किती कलतंय, वारा कुठला आहे. वर गेल्यावर एका हाताने झावळीचा देठ धरून दुसऱ्या हातातल्या कोयत्याच्या पाठीने नारळावर टकटक करतो. त्या आवाजावरून त्याला कळतं अडसर (अर्धकच्चा नारळ) कुठला, शहाळं कुठलं आणि सुकलेला कुठला. सुकी चुडतं तोडून खाली टाकतो, तीही विहिरीवर किंवा मिरीच्या वेलावर न पडतील अशी. शेंड्यात बोट घालून गेंड्या भुंग्याने भोक पाडलंय का ते बघतो आणि वरूनच ओरडतो, “बाये, ह्या माडाक किडो लागला!” म्हणजे तोलाची कसरत, झाडाची डॉक्टरकी आणि मालाची प्रतवारी, तिन्ही एकदम, जमिनीपासून पन्नास-साठ फुटांवर. हे करणारं यंत्र बनणार नाही असं मी म्हणत नाही. बनेल. पण आमच्या उताराच्या, पोफळीत दाटलेल्या, पावसात शेवाळणाऱ्या कुळागरात ते चालवून परवडेपर्यंत टिपण लिहिणारं यंत्र दहा कचेऱ्या गिळून बसलेलं असेल.

आणि आपण काय केलं? पाडेल्याला ओसरीच्या खाली उभं ठेवून चहा दिला, आणि टेबलाच्या नोकरीसाठी लोकांनी दागिने गहाण ठेवले. पैसे घ्या आणि सरकारी नोकरी द्या, या नादात किती जण फसले ते २०२४ मध्ये सगळ्या गोव्याने पेपरात वाचलं. पाडेल्याचा मुलगा माडावर चढत नाही, रेंदेराचा मुलगा माडाची सूर (ताडी) काढत नाही, पोदेराचा (पाववाल्याचा) मुलगा भट्टीपाशी बसत नाही. तीही एलडीसीच्याच रांगेत आहेत. त्यांना दोष कसा देणार? मान आणि पेन्शन जिथे आहे तिथेच माणूस जाणार. पण ज्या कामाला माणूस मिळत नाही ते यंत्राला जमत नाही, आणि ज्या कामासाठी झुंबड आहे तेच यंत्राला आधी जमलंय, असा हा उरफाटा कारभार आहे.

कोणी म्हणेल, सरकारी नोकराला कोण काढणार? बरोबर, कोणीच काढणार नाही. माणूस काढायची गरजच नसते. तो निवृत्त झाला की त्याची जागा भरायची नाही, एवढंच करायचं. टायपिस्ट असेच गेले. एके काळी म्हापसा, मडगाव, फोंडा, कुठेही जा, टायपिंगच्या क्लासमधून टकटक ऐकू यायची आणि मुलीच्या स्थळात ‘टायपिंग येतं’ हे सांगितलं जायचं. टायपिस्टांचा मोर्चा निघाल्याचं मला तरी आठवत नाही. बँकवाल्यांनी निदान आरडाओरडा केला होता. रंगराजन समितीने १९८४ साली बँकांच्या संगणकीकरणाचा आराखडा दिला, तेव्हा संघटनांनी वाटाघाटी करून कुठे किती यंत्रं यायची ते ठरवून घेतलं. संगणक यायचे ते आलेच, पण हळूहळू आले आणि माणसांना शिकायला उसंत मिळाली.

मी यंत्राच्या विरोधात आहे असं वाटत असेल तर थांबा. पर्रीकरांच्या वेळी २००२ मध्ये सायबरएज योजनेत अकरावीच्या मुलांना संगणक मिळाले. कित्येक घरांत तो क्रोशाच्या रुमालाखाली देवासारखा बसून राहिला हे खरं, पण त्याच संगणकावर शिकून पुण्याला, बंगळूरला गेलेली मुलं माझ्या नात्यात आहेत. आज हृदयविकाराचा झटका आला तर गावच्या आरोग्य केंद्रात काढलेला ईसीजी काही मिनिटांत तज्ज्ञापर्यंत जातो आणि बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात पोचायच्या आधी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं. हे बघितलेला माणूस यंत्राला शिव्या देणार नाही. किनाऱ्यांवर जीवरक्षक पुरवणाऱ्या दृष्टी मरीनने २०२३ मध्ये ‘ऑरस’ हा फिरता रोबो आणि ‘ट्रायटन’ ही कॅमेऱ्यांची यंत्रणा आणली. जिथे पोहायला मनाई आहे तिथे ती नजर ठेवते. पाण्यात उडी मात्र जीवरक्षकच मारतो. पुन्हा मोरावेक!

पणजीच्या पुराभिलेखागाराचंही तसंच. १५९५ सालापासूनची ती संस्था, आत शतकांचे पोर्तुगीज कागद, आणि ते घसटतं हस्ताक्षर वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. यंत्र ते वाचायला शिकलं तर किती कुळांचे, किती कोमुनिदादींचे (गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थांचे) वाद सुटतील! आणि तेच यंत्र तसलंच हस्ताक्षर काढायला शिकलं तर? जुने कागद बनावट करून जमिनी लाटल्या म्हणून २०२२ मध्ये विशेष तपास पथक नेमावं लागलेलं हे राज्य आहे. तेव्हा तर एआय नव्हतं, नुसते हात होते.

गोव्याला हे सगळं नवीन नाही. समुद्रात ट्रॉलर आले तेव्हाही प्रगतीच आली होती, सरकारी मदतीने आली होती. ज्यांच्याकडे भांडवल त्यांनी ट्रॉलर घेतले आणि रापणकाराच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमाराच्या, जाळ्यात मासळी येईनाशी झाली. माथानी साल्ढाणांसारखे लोक रापणकारांना घेऊन रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला आणि किनाऱ्याजवळचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखला गेला. म्हणजे यंत्र आधी आलं, नियम मागाहून आला आणि मधली वर्षं रापणकाराने भोगली.

खाणीचं तर विचारूच नका. डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा, घरटी ट्रक होता. कर्ज काढून घेतलेला. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मग पुन्हा सुरू झाल्या, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्यावर परत ठप्प. आमच्या नात्यातल्या एकाचा ट्रक अंगणात उभा राहून त्याच्या चाकांत गवत वाढलेलं मी पाहिलंय. खाण एक दिवस बंद पडणार हे कोणाला कळत नव्हतं? सगळ्यांना कळत होतं. पण दुसरं काय करायचं हे चालू असताना कोणी ठरवलं नाही, कारण चालू असताना पैसा येत होता. आज सरकारी नोकरीचं तेच चाललंय असं मला वाटतं.

आता मला खरोखर सतावणारी गोष्ट सांगते. ती नोकरीची नाही.

कचेरीत असताना माझ्या टेबलासमोर प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन बायका यायच्या. जमिनीचा एक-चौदाचा उतारा, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, रेशन कार्ड, सगळं एकत्र चुरगळलेलं. नियमाने बघितलं तर अर्ज अपुरा, परत करा. पण टेबलाच्या या बाजूला माणूस असला की तो म्हणतो, “बाये, हा कागद नाही चालणार, तलाठ्याकडून तो आण, आणि सोमवारी ये, साहेब असतात.” सगळेच कारकून असं म्हणायचे असा माझा दावा नाही. खेटे घालायला लावणारेही होते, चहापाण्याचे मागणारेही होते. पण निदान त्याचं तोंड दिसायचं, आणि फाइलीवर त्याची सही असायची. उद्या गृह आधार किंवा दयानंद सामाजिक सुरक्षा अशा सरकारी मदतीच्या योजनेच्या यादीतून यंत्राने एखादीचं नाव वगळलं, तर ती कोणाकडे जाणार?

ही भीती हवेतली नाही. नेदरलँड्समध्ये मुलांच्या संगोपनाचा भत्ता घेणाऱ्यांपैकी कोणावर संशय घ्यायचा हे संगणकीय पद्धत ठरवत होती, आणि डच नागरिकत्व नसणं हाही त्यात संशयाचा एक मुद्दा होता. हजारो कुटुंबांना लबाड ठरवून पैसे परत मागितले, लोक कर्जात बुडाले, आणि शेवटी जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या सरकारला राजीनामा द्यावा लागला. कॅनडात एकाची आजी वारली. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने त्याला सांगितलं की सवलतीच्या भाड्यासाठी नंतर अर्ज केला तरी चालेल. नंतर कंपनी म्हणाली, तसा नियम नाही. न्यायाधिकरणापुढे तिने चक्क सांगितलं की चॅटबॉट काय बोलला त्याला तो जबाबदार, आम्ही नाही! २०२४ मध्ये निकाल त्या प्रवाशाच्या बाजूने लागला. पण एवढी मोठी कंपनी असं म्हणायला धजावली हे लक्षात ठेवा. मोठमोठ्या कंपन्यांची ही कथा, तर आपल्याकडे ‘सिस्टिममध्ये दाखवत नाही’ हे वाक्य आत्ताच किती सोयीचं झालंय! पणजीजवळच्या मेरशीच्या जंक्शनवर २०२३ मध्ये एआयचा सिग्नल बसला. त्याच्या कॅमेऱ्याने पकडलं की मोबाईलवर चलन येतं. येऊ दे, हेल्मेट घाला. पण चलन चुकीचं आलं तर दाद मागायला समोर कोण, हे चौकाचौकात असे सिग्नल बसायच्या आधी ठरायला हवं.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे. टिपण यंत्राला लिहू दे, फाइल यंत्राला शोधू दे, पण ज्या निर्णयाने माणसाचा पैसा, जमीन किंवा हक्क जातो त्याखाली जित्या माणसाची सही हवी. आणि सही करणाऱ्याला यंत्राच्या विरुद्ध जायची मुभा हवी, नुसता अंगठा उठवायला बसवलेला नको. भाच्यासारख्या मुलांनी एलडीसी व्हायचंच असेल तर असलं एलडीसी व्हावं, आणि परीक्षेतही हेच बघावं की समोरच्या बाईची अडचण याला कळते का. नोटिंग कसं करायचं ते मोबाईलला येतंच. ज्यांना टेबलाची हौस नाही त्यांनी आयटीआयला जाऊन वीज, प्लंबिंग, एसीचं काम शिकावं. आमच्याकडे गळका नळ दुरुस्त करायला येणाऱ्याची वाट साहेबाच्या सहीपेक्षा जास्त बघावी लागते, हे काय तुम्हाला मी सांगायला हवं?

माहिती अधिकाराचा कायदा २००५ मध्ये आला तेव्हा प्रत्येक कचेरीला माहिती अधिकाऱ्याचं नाव आणि हुद्दा जाहीर करावा लागला. आमच्या साहेबांनी भिंतीवरच्या त्या फलकाला नाकं मुरडली होती, पण लोक तो वाचून बरोबर त्या टेबलाशी यायचे. त्याच फलकावर अजून एक ओळ हवी: संगणकाने नाकारलेल्या अर्जांची फेरतपासणी कोण करणार, किती दिवसांत. येत्या रविवारच्या ग्रामसभेत मी हा ठराव मांडणार आहे. मसुदा तयार आहे. आपल्या पंचायतीत मांडायचा असेल त्यांनी इनबॉक्समध्ये कळवा, पाठवते. तालुका कुठलाही चालेल.