आधी पक्ष ठरवा, कन्सोल नंतर

घरात गेमिंग कन्सोल आणायचं ठरवलंत ना? मग एक पथ्य पहिल्या दिवसापासून पाळा: आपल्याला कोणते गेम खेळायचे आहेत, याचा विचार अजिबात करू नका. असा विचार करणारी माणसं दहा मिनिटांत निर्णय घेऊन मोकळी होतात आणि पुढची पाच-सात वर्षं गपगुमान खेळत बसतात. ना वाद, ना इंटरनेटवर कुणाशी हमरीतुमरी. एवढ्यासाठी का कुणी इतके पैसे घालवतं?

तुम्ही आधी पक्ष निवडा. सोनीचं प्लेस्टेशन, मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स आणि निन्टेन्डो असे तीन मान्यताप्राप्त पक्ष आहेत. चौथे पीसीवाले. ते निवडणुकीला उभे राहत नाहीत, बाहेर थांबून तिन्ही पक्षांच्या मतदारांची कीव करतात. पक्ष निवडायचा तो चुलतभावाकडे बघून. पटत असेल तर त्याचा, नसेल तर त्याच्या विरोधातला. कारणं खरेदीनंतर शोधायची असतात आणि त्याला भरपूर वेळ मिळतो.

पहिलं कारण टेराफ्लॉप. सेकंदाला लाख कोटी गणितं म्हणजे एक टेराफ्लॉप. एक्सबॉक्स सिरीज एक्सचे 12, प्लेस्टेशन 5 चे 10.28. गेम चांगला की भिकार हे या आकड्यावरून काडीचंही कळत नाही, म्हणूनच वादाला तो उत्तम. समोरच्याने 12 चा आकडा टाकला की तुम्ही एसएसडीचा, म्हणजे आतल्या साठवणीतून माहिती वाचण्याचा, वेग काढा: आमचा सेकंदाला 5.5 जीबी, तुमचा 2.4. मग तो दुसरा आकडा काढेल. असे दोन-तीन तास सहज जातात. फक्त एक गोष्ट चुकूनही तोंडातून निघू देऊ नका. ही दोन्ही यंत्रं 2020 च्या नोव्हेंबरमध्ये एकाच आठवड्यात बाजारात आली, दोन्हींचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स एएमडी याच कंपनीचे, दोन्हींत 8 कोर, दोन्हींत 16 जीबी मेमरी. खोकी तेवढी वेगळी. हे बोललात की वाद तिथेच संपला आणि संध्याकाळ मोकळी पडली.

इतिहासाचे दाखले देणारे भेटतील, त्यांच्यापासून लांब राहा. 1993 मध्ये अटारी कंपनीने 'जग्वार' नावाचं कन्सोल काढलं, 64 बिटच्या ताकदीचा डांगोरा पिटला आणि जाहिरातीत लोकांना गणित करायला सांगितलं. लोकांनी गणित केलं आणि दुसरं काहीतरी घेतलं. 2006 मध्ये निन्टेन्डोची 'वी' (Wii) आली. ताकदीला प्लेस्टेशन 3 आणि एक्सबॉक्स 360 या दोघांपेक्षा कमी, एचडीसुद्धा नाही. ती दहा कोटींवर विकली गेली, दोघांपेक्षा जास्त. का, तर म्हणे रिमोट हातात धरून घरातली वयस्कर मंडळीही बॉलिंग खेळू लागली. असल्या पुराव्यांनी डगमगायचं नसतं. लोकांना कळत नाही, असं म्हणायचं आणि पुढे जायचं.

पण खरी मजा एक्सक्लुझिव्ह गेममध्ये आहे. हा गेम फक्त आमच्याकडेच, मेलो तरी तुमच्याकडे येणार नाही, हे म्हणण्यात जे सुख आहे ते खेळण्यात नाही. 'हेलो' हा एक्सबॉक्सवाल्यांचा झेंडा. दोन दशकं तो खांद्यावर घेऊन माणसं भांडली. 2025 मध्ये 'फोर्झा होरायझन 5' प्लेस्टेशनवर गेला, पाठोपाठ 'गिअर्स ऑफ वॉर', आणि मग हेलोचंही तिकडे जायचं जाहीर झालं. सोनीचे मानाचे गेम तर 2020 पासूनच एकेक करून पीसीकडे निघालेत. नेते असे इकडून तिकडे गेले की कार्यकर्त्याने काय करायचं असतं, ते मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. कालपर्यंतचा निष्ठेचा प्रश्न आज 'जास्तीत जास्त लोकांनी खेळावं' असा होतो.

हे नवंही नाही. नव्वदच्या दशकात निन्टेन्डोचे मारिओवाले आणि सेगा कंपनीचे सॉनिकवाले यांच्यात विस्तव जात नव्हता. 2001 मध्ये सेगाने कन्सोल बनवणंच सोडलं आणि 2007 मध्ये मारिओ आणि सॉनिक एकाच गेममध्ये, ऑलिम्पिकच्या मैदानात, शेजारी शेजारी धावले. त्या भांडणापायी ज्यांनी वर्गमित्रांशी अबोला धरला होता, त्यांची कुणी माफी मागितल्याचं ऐकिवात नाही. खुद्द प्लेस्टेशनचा जन्मही मोडलेल्या सोयरिकीतला. सोनी निन्टेन्डोसाठी सीडीवर चालणारं यंत्र बनवत होती, 1991 मध्ये निन्टेन्डोने ऐनवेळी फिलिप्सचा हात धरला, आणि तीन वर्षांनी सोनीने स्वतःचंच यंत्र बाजारात आणलं.

डिस्कवालं मॉडेल घ्यायचं की बिनडिस्कचं? बिनडिस्कचंच घ्या. डिस्क मित्राला द्यावी लागते, खेळून झाली की विकता येते, कपाटात जागा खाते. डाउनलोड केलेल्या गेमला यातलं काहीच होत नाही. त्यातही निन्टेन्डोच्या स्विच 2 ने दोन्हींचा सुवर्णमध्य काढला आहे: गेम-की कार्ड. कार्ड विकत घ्यायचं, कन्सोलमध्ये घालायचं, गेम त्यात नसतोच, तो इंटरनेटवरून उतरवायचा, आणि तरीही खेळताना दर वेळी कार्ड आत असलंच पाहिजे. ज्याला हे सुचलं त्याला मी मनापासून मानतो.

नावांच्या बाबतीत मात्र सावध राहा, कारण दुकानात घरचं दुसरंच कुणी जाण्याची शक्यता असते. पहिला एक्सबॉक्स, दुसरा 360, तिसऱ्याचं नाव वन. मग वन एस, वन एक्स, त्यानंतर सिरीज एस आणि सिरीज एक्स. 'एक्स लिहिलेला एक्सबॉक्स आणा' एवढंच सांगितलंत तर घरी काय येईल ते येईल.

थोडं थांबावं का, असाही प्रश्न पडेल. जरूर थांबा. पूर्वी कन्सोल जुनं झालं की स्वस्त व्हायचं, या पिढीत ते जुनं होता होता महाग झालं. तेव्हा थांबण्यासारखा सुज्ञपणा नाही. सडपातळ 'स्लिम' मॉडेल येईपर्यंत थांबा, मग जास्त ताकदीचं 'प्रो' येईपर्यंत, तोवर पुढच्या पिढीच्या वावड्या उठतातच.

घरातल्या मुलांना विचारू नका. ती 'माझे सगळे मित्र ज्यावर खेळतात ते' असलं अगदीच बालिश उत्तर देतील. मित्र कशावर खेळतात यावरून कुणी यंत्र निवडतं का? तिथे टेराफ्लॉपचं काय?

आणि आलंच समजा घरी. खोकं उघडलं, केबल जोडली, टीव्हीवर निळसर उजेड पडला. आता अकाउंट. ईमेल टाइप करायचा तो कंट्रोलरच्या काडीने, एकेक अक्षर. 'आर' हवा असतो, बोट जरा जास्त सरकतं, 'टी'वर जातं, मागे आणलं की 'ई'. पासवर्डमध्ये एक मोठं अक्षर, एक अंक आणि एक खूण पाहिजे, आणि ती खूण कीबोर्डच्या दुसऱ्या पानावर. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. मग सिस्टिम अपडेट. मग यंत्र एकदा बंद होऊन चालू. मग गेम, शंभरेक जीबी. 825 जीबीच्या प्लेस्टेशनमध्ये प्रत्यक्ष हाताशी असते साधारण 667 जीबी जागा, तेव्हा असे गेम किती बसतील हा हिशेब आजच नको. घरातली मंडळी सोफ्यावर ओळीने बसून प्रगतीची पट्टी बघत असतात. थोड्या वेळाने एकेक जण उठून जातो. मुलगा फोनवर माइनक्राफ्ट उघडतो.

पट्टी 14 टक्क्यांवर असताना उगाच तिच्याकडे बघत बसू नका. फोन काढा, कुठेतरी कुणीतरी तुमच्या कन्सोलला नावं ठेवत असेलच, त्याला शोधा आणि चार शब्द सुनवा. काय ते आत्ताच उरकून घ्या, गेम एकदा सुरू झाला की याला सवड मिळणार नाही.