त्या यादीत सह्या करणाऱ्यांची नावं कुठे आहेत?

आज १ जुलै. एनएचएल या इथल्या आइस हॉकी लीगचा फ्री एजन्सीचा बाजार, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंनी हवा तो संघ निवडायचा काळ, आज उघडतो आणि दरवर्षी याच सुमाराला ती यादी फिरायला लागते. ‘आइस हॉकीतले सर्वांत वाईट करार.’ सकाळी क्लिनिकला निघायच्या आधीच आमच्या मंडळाच्या ग्रुपवर येऊन पडली होती. पहिल्या नंबरवर रिक डिपिएट्रो, खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या इमोजींची रांग, आणि त्याखाली ‘घरबसल्या वर्षाला १५ लाख डॉलर, असं नशीब पाहिजे राव!’

दिवसभर पेशंट होते म्हणून गप्प बसले. आता जेवणं उरकलीत, आता लिहिते. ज्यांनी ती पोस्ट टाकली ते मला धाकट्या दिरासारखे आहेत, म्हणून नाव घेत नाही. पण राग आलाय, तो लपवणार नाही.

सांगली-मिरजेच्या माझ्या मैत्रिणींना यातलं काही माहीत नसणार, त्यांच्यासाठी सांगते. न्यूयॉर्क आयलँडर्स हा आमच्या लाँग आयलंडचा संघ. २००० साली ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे तरुण खेळाडू निवडतात त्यात, त्यांचा पहिला नंबर होता आणि त्यांनी घेतला डिपिएट्रो, गोलकीपर. त्याला घेता यावं म्हणून त्यांच्याकडे आधीच असलेला तरुण गोलकीपर फ्लोरिडाला देऊन टाकला. तो होता रॉबर्टो लुओंगो, जो आज हॉल ऑफ फेममध्ये आहे. हा निर्णय जनरल मॅनेजर, म्हणजे खेळाडू निवडणारे आणि करार करणारे, माइक मिलबरींचा. पुढे २००६ च्या उन्हाळ्यात मालक चार्ल्स वँग यांनी नील स्मिथ नावाचा अनुभवी माणूस जनरल मॅनेजर म्हणून आणला, ४० दिवसांत काढून टाकला आणि त्या खुर्चीवर बसवलं गार्थ स्नोला. हा स्नो आदल्या हंगामापर्यंत डिपिएट्रोचाच बॅकअप गोलकीपर होता! आणि सप्टेंबरमध्ये डिपिएट्रोपुढे कागद ठेवला गेला: १५ वर्षं, ६ कोटी ७५ लाख डॉलर.

पोरगा २४ वर्षांचा. त्याने काय म्हणायचं होतं? ‘नको साहेब, जास्त होतात’? तुमच्यातल्या कुणी म्हटलं असतं?

मग त्याचं शरीर मोडलं. खुबा, गुडघे, डोक्याला मार, एकामागून एक ऑपरेशनं. २००८ नंतरच्या पाच हंगामांत मिळून तो ५० सामने खेळला. पूर्ण हंगाम तेव्हा ८२ सामन्यांचा असायचा, म्हणजे बघा. २०१३ मध्ये त्याला आधी खालच्या लीगमध्ये ब्रिजपोर्टला पाठवलं आणि उन्हाळ्यात करार विकत घेऊन मोकळा केला. नियम असा की उरलेल्या रकमेच्या दोन तृतीयांश पैसे द्यायचे, पण दुप्पट वर्षांत. उरली होती आठ वर्षं आणि ३ कोटी ६० लाख. त्याचे झाले २ कोटी ४० लाख, १६ वर्षांत. म्हणून २०२९ पर्यंत दरवर्षी १५ लाख. ग्रुपवरच्या विनोदामागचा हिशोब एवढाच आहे, नशीब वगैरे काही नाही.

आता मी हे इतकं मनाला का लावून घेते? कारण मी त्याला उठताना पाहिलंय.

आम्ही इथे आलो तेव्हा संघ तळाशी असायचा, तिकिटं कुणालाही मिळायची. २०१०-११ च्या हिवाळ्यात नवऱ्याच्या ऑफिसातून दोन मिळाली म्हणून युनियनडेलच्या जुन्या नसाऊ कोलिझियममध्ये गेलो. हॉकीतलं मला तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून पकच्या (खेळातली ती रबराची चकती) मागे नजर पळवायचं सोडून मी गोलकीपरकडेच बघत बसले, ३९ नंबर. गोलकीपर दोन्ही गुडघे आत वळवून बर्फावर बसतो, पाय दोन्ही बाजूंना फाकलेले, आणि क्षणात उठतो. हे एका सामन्यात कितीतरी वेळा. माझ्या टेबलावर खुब्याचं ऑपरेशन झालेला माणूस येतो तेव्हा मांडी आत वळवायला सांगितली की त्याचा चेहरा बदलतो, आवाज न करता. कूर्चेची किनार फाटलेली असेल तर हीच हालचाल सर्वांत आधी जाते. आणि हा माणूस त्याच हालचालीवर पोट भरत होता. तो प्रत्येक वेळी एकाच पायावर जोर देऊन उठत होता. पक कुठेही असो, पाय तोच. एकदा तर गोलच्या खांबाला हात लावून उठला. मी नवऱ्याला म्हटलं, ‘अहो, हा दुखण्यावर खेळतोय.’

आमच्या मागच्या रांगेत एक बाप आणि त्याचा सात-आठ वर्षांचा मुलगा. डिपिएट्रो उठायला लागला की बाप ओरडायचा, ‘फिफ्टीन इयर्स!’ दर वेळी. एकदा डिपिएट्रोने चांगला शॉट अडवला तर पोराने टाळ्या वाजवल्या. बापाने त्याचे हात खाली केले. म्हणाला, त्याच्यासाठी टाळ्या नाहीत, त्याला पैसे मिळालेत.

ते हात खाली करणं माझ्या डोक्यातून जात नाही. सकाळी ग्रुपवर तेच झालं, फक्त मराठीत.

आणि यादीत वँगसाहेबांचं नाव नाही. मिलबरींचं नाही. स्नोचं नाही. बरं, ही त्यांची पहिली वेळ होती का? २००१ मध्ये याच मालकाने अलेक्सी याशिनला १० वर्षांचे ८ कोटी ७५ लाख डॉलर दिले होते. त्याला आणायला ओटावाला काय दिलं? झ्डेनो चारा, आणि शिवाय ड्राफ्टमधला दुसरा नंबर, ज्यातून त्यांनी जेसन स्पेझा घेतला. याशिनचाही करार २००७ मध्ये असाच विकत घेऊन संपवला, म्हणजे बायआउट. म्हणजे पहिला दहा वर्षांचा करार अंगाशी यायला लागला असतानाच दुसरा पंधरा वर्षांचा लिहिला! आणि यादीत फोटो खेळाडूंचे. हा कुठला न्याय?

वँग यांच्याबद्दल वाईट बोलू नये, ते २०१८ मध्ये गेले, आणि दुसरं कुणी हात लावत नव्हतं तेव्हा त्यांनी हा संघ लाँग आयलंडवर टिकवला, पदरचा पैसा घालून. हे खरं आहे. पण सही त्यांची होती हेही खरं आहे.

यादीत तिसऱ्या-चौथ्या नंबरवर डेव्हिड क्लार्कसन होता. टोरंटोच्या मंडळींनी त्याच्यावर भरभरून कमेंटी केल्यात. २०१३, सात वर्षं, ३ कोटी ६७ लाख ५० हजार. टोरंटोचाच मुलगा, घरच्या संघात आला, पहिल्या हंगामात पाच गोल. ठीक, पैसे जास्त दिले. पण त्याचं पुढे काय झालं ते वाचलंय का कुणी? त्याच उन्हाळ्यात कोलंबसने नेथन हॉर्टनला जवळजवळ तेवढ्याच रकमेला सात वर्षांसाठी घेतलं होतं. हा तोच हॉर्टन ज्याने २०११ मध्ये बोस्टनसाठी दोन-दोन सातव्या सामन्यांत निर्णायक गोल केले. कोलंबससाठी ३६ सामने खेळला आणि पाठीचे मणके झिजल्याचं निघालं. संपलं. कोलंबसने त्या कराराचा विमाच उतरवलेला नव्हता. म्हणजे न खेळणाऱ्या माणसाचा सगळा पगार खिशातून. टोरंटो श्रीमंत, त्यांना पैशाचं काही नव्हतं, त्यांना अडचण पगाराच्या कॅपची, म्हणजे संघाने एकूण किती पगार द्यायचा त्यावर लीगने घातलेल्या मर्यादेची. कायमचा जखमी खेळाडू असला तर कॅपमध्ये सूट मिळते. म्हणून फेब्रुवारी २०१५ मध्ये अदलाबदल केली: खेळू शकणारा क्लार्कसन द्या, कधीच न खेळू शकणारा हॉर्टन घ्या.

त्या दिवशी सगळ्या चॅनेलवर ‘काय हुशार डाव!’ म्हणून कौतुक. तिशीही न गाठलेला माणूस, धड उभं राहवत नाही, आणि त्याची पाठ गेली हेच त्याचं मोल. पुढे क्लार्कसनही मोडला, त्याचा करार लास वेगासला गेला आणि २०१९ मध्ये फिरून टोरंटोलाच आला, याच सुटीसाठी. यात वाईट काय असेल तर हे आहे. पाच गोल हे नाही.

मला विचाराल तर या खेळातला खरा वाईट करार कोवलचुकचा. न्यू जर्सीवाल्यांनो, एडिसनवाल्यांनो, राग येऊ द्या. २०१० मध्ये तुमच्या डेव्हिल्स संघाने त्याला १७ वर्षांचा, १० कोटी २० लाखांचा करार दिला, वयाच्या ४४ पर्यंत. त्यातले ९ कोटी ५० लाख पहिल्या दहा वर्षांत, आणि शेवटची पाच वर्षं साडेपाच-साडेपाच लाख. का? तर सरासरी खाली यावी आणि कॅपमध्ये आकडा लहान दिसावा. चव्वेचाळिसाव्या वर्षी तो खेळेल असं त्या खोलीतल्या एकाही माणसाला वाटत नव्हतं. लीगने तो करार फेटाळला, लवादानेही लीगची बाजू धरली, संघाला दंड झाला. मग १५ वर्षं, १० कोटींवर दुसरा करार केला, आणि २०१३ मध्ये तो ७ कोटी ७० लाख सोडून रशियाला निघून गेला. डिपिएट्रोचा कागद मूर्खपणाचा होता, पण खरा होता. हा पहिला कागद लिहितानाच खोटा होता. मी वाईट याला म्हणते.

आणि मालकांचा कळस तर २०१२ मध्ये. जुलैत मिनेसोटाने झॅक परिसे आणि रायन सूटर यांना एकाच दिवशी प्रत्येकी १३ वर्षं, ९ कोटी ८० लाख दिले. सप्टेंबरमध्ये लीगने टाळं ठोकलं, एक मोठी मागणी काय? खेळाडूंच्या करारांची मुदत कमी करा! मिनेसोटाचे मालक क्रेग लिपोल्ड त्या वाटाघाटींत मालकांच्या बाजूने बसले होते. स्वतःच लिहायचं, आणि मग आम्हाला स्वतःपासून वाचवा म्हणून दारं बंद करायची. जानेवारीपर्यंत खेळ बंद राहिला, हंगाम ४८ सामन्यांवर आला. स्टेडियममध्ये पॉपकॉर्न विकणारी, झाडू मारणारी माणसं तेवढे महिने घरी बसली. त्यांची कुठली यादी निघाली?

कुणीतरी लिहिणारच, ‘अगं ताई, पण वर्षाला १५ लाख डॉलर!’ मान्य. तो गरीब नाही, त्याच्यासाठी वर्गणी गोळा करा असं मी म्हणत नाही. आणि काही खेळाडू करार झाल्यावर सुस्तावतात, तेही असेल. पुढे.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. त्या कोलिझियममधल्या बापाचाही विचार येतो. त्याचा संघ वर्षानुवर्षं हरत होता, चांगले खेळाडू यायला तयार नव्हते, त्याने पदरचे पैसे देऊन पोराला आणलं होतं. मालक वर काचेच्या बॉक्समध्ये, त्याच्यापर्यंत आवाज पोचत नाही. समोर दिसतो तो ३९ नंबर. माणूस दिसेल त्याच्यावरच ओरडतो, हे मला समजतं. त्याला मी माफ करून टाकलंय. पण आपण तर त्या रांगेतही नव्हतो. आपलं एक तिकीटही वाया गेलं नाही. आपल्यातले निम्मे लोक कंपनीचा इन्शुरन्स संपेल या भीतीने पाठदुखी लपवून कामाला जातात, मला येऊन हळूच विचारतात, ‘मॅनेजरला कळणार नाही ना?’ ते आपण, खुबा मोडलेल्या माणसाला हसतोय? मला हे खरंच समजत नाही.

डिपिएट्रो पुढे न्यूयॉर्कमध्ये रेडिओवर खेळाच्या कार्यक्रमात बोलायला लागला. कामाला जाताना गाडीत कधीकधी त्याचा आवाज ऐकला आहे. चांगला बोलतो.

तर दीरबुवा, पुढच्या वर्षी यादी टाकायचीच असेल तर जरूर टाका. मात्र पहिल्या रकान्यात सही करणाऱ्या मालकाचं आणि जनरल मॅनेजरचं नाव, दुसऱ्यात विमा होता की नव्हता, आणि खेळाडूचं नाव त्यानंतर. आज रात्रीही करार होतायत, त्यातला एखादा चार वर्षांनी तुमच्या यादीत येणारच आहे, तेव्हा आजच लिहून ठेवा कुणी केला ते. सकाळची पोस्ट काढून टाकलीत तर मला बरं वाटेल. कमेंटना उत्तरं उद्या संध्याकाळी देईन, सकाळी सातला पहिला पेशंट आहे.