ते 'स्प्लायसिंग बंद, कॅन्सर बंद' वालं फॉरवर्ड

आपल्या पूर्व भागातल्या ग्रुपवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय, की शरीरातले 'स्प्लायसिंग फॅक्टर' म्हणजे कॅन्सरचं बी, आणि अमुक काढा प्यायला की ते बंद. अर्धं खरं, अर्धं लई चुकीचं.

स्प्लायसिंग म्हणजे काय, तर प्रोटीन बनवायला जीनची जी आरएनए कॉपी निघते त्यातला नको तो भाग कापून उरलेली टोकं जोडणं. लूमवर सूत खराब आलं की तेवढं तोडून गाठ मारतो ना आपण, तसंच. हे १९७७ मध्ये सापडलं, त्यासाठी शार्प आणि रॉबर्ट्स या शास्त्रज्ञांना १९९३ चं नोबेल मिळालं. हे काम करणारी प्रोटीन्स म्हणजे स्प्लायसिंग फॅक्टर, आणि ती तुमच्या-माझ्या जवळपास प्रत्येक पेशीत चोवीस तास लागतात, मग बी कसलं बे?

खरा भाग असा, की बरेच ट्यूमर एसआरएसएफ१ सारखा फॅक्टर जास्त बनवतात, आणि काही रक्ताच्या आजारांत एसएफ३बी१ हा असाच एक फॅक्टर बनवणारा जीनच बिघडलेला असतो, हे २०११ मध्ये कळलं. मग जोडणी चुकते. उदाहरणार्थ, बीसीएल-एक्स या एकाच जीनपासून जोडणीप्रमाणे लांब प्रोटीन बनलं तर पेशी वाचते, आखूड बनलं तर मरते, आणि कॅन्सरला अर्थातच लांबवालं सोयीचं.

सरसकट बंद करायचं म्हणाल तर ई७१०७ नावाच्या औषधाने तेच करून बघितलं, काही पेशंटच्या नजरेवर परिणाम झाला म्हणून ट्रायल थांबवावी लागली. काढ्याने स्प्लायसिंग खरंच बंद झालं असतं तर आधी पिणाराच आडवा झाला असता. ट्रीटमेंट चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या सोडू नका.