अतीत कोण?

काल पिठोरी अमावस्या. सकाळी कोपिनेश्वराला जाऊन आले, संध्याकाळी देवापुढे खीर-पुरीचं वाण केलं. वाण डोक्यावर धरून मुलांकडे पाठ करून बसायचं, विचारायचं, "अतीत कोण?" मागून मुलांनी "मी" म्हणत ते घ्यायचं. सासूबाईंनी मला हे शिकवलं तेव्हा घरात मूल नव्हतं. आता दोन मुली आहेत, तेरा आणि सात वर्षांच्या. दोघी दत्तक.

काल थोरली "मी" म्हणालीच नाही. "आई, अतीत म्हणजे पाहुणा ना? मग मी पाहुणी?"

डोक्यावर वाण, मान वळवता येईना. म्हटलं, "मी माझ्या आईच्या पोटची. तीही दरवर्षी मला हेच विचारायची." थोड्या वेळाने मागून दोन हात आले.

तिला हा प्रश्न पडला तो बाहेरच्यांमुळे. "किती पुण्याचं काम केलंत हो!" हे लोक मुलींच्या देखत म्हणतात. मनात वाईट नसतं, कळतं मला. पण आपण कुणाचं तरी पुण्य आहोत हे ऐकत वाढणारं मूल आयुष्यभर उपकार फेडत राहतं. रुसायला, आईवर ओरडायलाही बिचकतं. मला त्या लेकराचे आभार नकोत.

ज्या कायद्याने मुली घरी आल्या त्याचं नाव बाल न्याय कायदा. दया नाही, न्याय. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्याप्रमाणे एक मुलगी असताना दुसरी दत्तक घेता येत नाही. बाल न्याय कायद्याने येते, आणि तिथे धर्माचीही अट नाही. थोरलीचा आदेश कोर्टातून मिळाला. 2021 ची दुरुस्ती लागू झाल्यावर धाकटीच्या आदेशावर जिल्हाधिकाऱ्यांची सही आली. मूल सोपवणाऱ्या आईला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. थोरलीच्या आईनेही ते दिवस काढले असतील. पिठोरीला मी तिच्या नावाने एक दिवा लावते. ती माझी प्रतिस्पर्धी नाही.

माझी श्रद्धा विठोबावर, आणि तुकोबांच्या या ओळीवर: "ज्यासि आपंगिता नाहीं । त्यासि धरी जो हृदयीं ॥" म्हणजे ज्याला जवळ घेणारं कुणी नाही, त्याला जो हृदयाशी धरतो. सत्कारात, भाषणांत लोक इथेच थांबतात. पुढे आहे, "दया करणें जें पुत्रासी । तेचि दासा आणि दासी ॥" म्हणजे पोटच्या लेकराला जे, तेच घरी राबणाऱ्यांना. तुकोबांची दया सगळ्यांना सारखीच मिळायची आहे, म्हणून मला तिच्यात न्याय दिसतो.

हे मी मुलींना शिकवते असं मला वाटायचं. गेल्या महिन्यात आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत सर्व्हिस लिफ्ट चार दिवस बंद होती. कामाच्या मावशी दुखऱ्या गुडघ्याने अकरा मजले चढून आल्या, कारण रहिवाशांच्या लिफ्टवर त्यांना मनाईची पाटी. मी त्यांना पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली. थोरली म्हणाली, "आई, तू खुर्ची का देतेस? लिफ्टचं बोल ना."

सात वर्षं मी ती पाटी वाचत वर-खाली करतेय.

रविवारी सोसायटीची सभा आहे. पाटी काढण्याचा अर्ज थोरलीने लिहिलाय. सही माझी आहे, आणि मांडणारही मीच. आमच्या बिल्डिंगमधलं कुणी हे वाचत असेल तर सभेला नक्की या.