"तुझंच कुठंतरी पथ्य चुकलं असणार"

आज दुपारी हॉस्पिटलच्या डे-केअरबाहेरच्या बाकड्यावर एका मावशींनी पेशंटच्या बायकोला हे वाक्य ऐकवलं. ड्यूटी संपून तीन तास झाले, तरी माझ्या डोक्यातून ते जात नाहीये.

नवऱ्याला मायलोमा, म्हणजे एक प्रकारचा ब्लड कॅन्सर. पहिल्यांदा निघाला तेव्हा इंजेक्शनं झाली, स्टेम सेल ट्रान्सप्लांट झालं, तीन वर्षं बरी गेली. मग परतला. औषधं बदलली, आणि आता तिसऱ्यांदा रिपोर्ट वर गेलाय. गाव सोडून दोघं हॉस्पिटलजवळ भाड्याच्या खोलीत राहतायत, कारण नव्या औषधाचे पहिले आठ डोस दर आठवड्याला एक असे असतात. तिच्या मांडीवर शंभर पानी वही होती. मावशींनी सफरचंदांची पिशवी तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "अगं, परत कसा आला? तुझंच कुठंतरी पथ्य चुकलं असणार." ती काही बोलली नाही. वहीचा कोपरा दुमडत बसली.

मायलोमा परत येतो. बायकोच्या भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून येत नाही, फोडणीच्या तेलानं येत नाही, नवस फेडायचा राहिला म्हणूनही येत नाही. अस्थिमज्जेतल्या, अँटिबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींचा हा आजार. औषधानं बहुतेक पेशी मरतात, पण काही मूठभर दबून बसतात. त्यातल्या ज्या त्या औषधाला दाद देत नाहीत, त्याच पुढं वाढतात. म्हणून दर वेळी औषधांचा संच बदलावा लागतो. डॉक्टर बदलून, गाव बदलून किंवा स्वयंपाकीण बदलून हे थांबत नाही. बहुतेकांना तो कधी ना कधी परत भेटतो, आणि हे पहिल्याच दिवशी घरातल्या सगळ्यांना बसवून सांगायला हवं. फक्त बायकोला नाही. सगळ्यांना.

तिची ती वही मी बघितली. कव्हरवर लाल पेननं लिहिलंय, "बुधवार – डेक्सा." ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना या एका शब्दाची किंमत कळेल. डेक्सा म्हणजे डेक्सामेथासोन, स्टेरॉइडची गोळी. आठवड्यातून एकदाच, साधारण ४० मिलिग्रॅम, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना बहुधा २०. कधी दुकानात ४ मिलिग्रॅमचीच गोळी मिळते, म्हणजे एका वेळी दहा गोळ्या. घरातला दुसरा कुणी "गोळी रोज असते" असं समजून रोज देत सुटला तर साखर आकाशाला भिडते आणि जंतुसंसर्ग घरात शिरतो. म्हणून वार कव्हरवर, पाकिटावर आणि कॅलेंडरवर, तिन्हीकडं. गोळी सकाळी नाश्ता झाल्यावरच. संध्याकाळी दिली की रात्र गेली. मधुमेह असेल तर उपाशीपोटीची साखर बघून निश्चिंत होऊ नका, या औषधाची साखर दुपारनंतर चढते. आणि त्या दिवशी माणूस बडबडतो, चिडतो, मध्यरात्री कपाट आवरायला काढतो. शुक्रवार-शनिवारकडं गळून पडतो, रडतोसुद्धा. तो राग बायकोवर निघतो, कारण समोर तीच असते. तिनं वहीत लिहिलंय, "बुध रात्री भांडण नाही, औषध आहे." हे वाक्य तिला कुणी शिकवलं नव्हतं.

दुसरं पान तापाचं. तोंडात धरायचं डिजिटल थर्मामीटर, काखेत कमी दाखवतं. १००.४ फॅरनहाइट दिसलं की सकाळची वाट बघायची नाही, निघायचं. आणि मोजायच्या आधी क्रोसिन द्यायची नाही, ताप दबतो आणि आम्हाला कळतच नाही. डेक्सामुळंही ताप लपतो, म्हणून नुसती थंडी वाजली, माणूस एकदम सुस्तावला, बोलणं तुटक झालं, तरी ते तापाइतकंच समजायचं. तिनं सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या रिपोर्टवरून न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढायचं गणितही लिहून ठेवलंय. एकूण पांढऱ्या पेशी १,८००, त्यात न्यूट्रोफिल २५ टक्के, म्हणजे ४५०. पाचशेच्या खाली, म्हणजे ताप आला तर पहिलं अँटिबायोटिक तासाभरात शिरेतून जायला हवं. कॅज्युअल्टीत पोचल्यावर पहिलं वाक्य "ताप आलाय" नाही, तर "ब्लड कॅन्सरची औषधं चालू आहेत आणि ताप आलाय" असं म्हणायचं. रांगेत बसवलं तर परत म्हणायचं, मोठ्यानं.

या बाईनं पथ्य पाळलं नाही म्हणे!

पथ्याचंच बोलू मग. पांढऱ्या पेशी कमी असताना मोड आलेली कच्ची कडधान्यं नकोत, रस्त्यावरचा उसाचा रस नको, पाणीपुरी नको, न उकळलेलं दूध नको, कापून ठेवलेली फळं नकोत. ताजं शिजवलेलं, गरम, घरचं. फळ धुऊन, साल काढून, लगेच खायचं. एवढंच. बाकी भात बंद, वांगं बंद, दूध बंद, गोड बंद असं करून माणसाला वाळवायचं नाही. त्याचं वजन हेच पुढच्या औषधाचं भांडवल असतं. मावशींची सफरचंदं चालतील, धुऊन, साल काढून. मावशींनी सोबत आणलेला गुळवेलाचा काढा नाही चालणार. गुळवेलानं यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलेत. ज्या यकृताला आधीच इतकी औषधं पेलायची आहेत, त्याच्यावर हा बोजा कशाला? बोर्टेझोमिब हे मायलोमाचं इंजेक्शन चालू असेल तर ग्रीन टीचे अर्क आणि व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. मायेनं आणलेलं असतं हे मान्य. तरी नाही.

पाणी मात्र दिवसाला अडीच-तीन लिटर, डॉक्टरांनी बंधन घातलं नसेल तर. या आजारात बिघडलेल्या प्लाझ्मा पेशी जी प्रथिनं बनवतात, ती मूत्रपिंडात अडकतात. म्हणून कंबर दुखली की घरातली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन उचलून द्यायची नाही, एकही गोळी नाही. मूत्रपिंड तिथंच कोलमडू शकतं. सीटी स्कॅनला शिरेतून औषध सोडणार असतील तर आधी मायलोमा आहे हे सांगायचं. फार तहान, घट्ट बद्धकोष्ठ, दिवसभर गुंगी, भलतंसलतं बोलणं, हे सगळं एकत्र दिसलं तर "थकलेत" म्हणून सोडू नका, कॅल्शियम वाढलेलं असू शकतं.

हाडांचं तर सांगायलाच हवं, कारण इथं प्रेमानंच नुकसान होतं. या माणसाची हाडं आतून पोखरलेली असतात. अंथरुणातून उठवताना दोन्ही हात धरून ओढायचं नाही. आधी अख्ख्या अंगानं कुशीवर वळवायचं, पाय खाली सोडायचे, मग पाठीला आधार देऊन बसवायचं. पाठ रगडून देणारा, मणका बसवणारा, हाडवैद्य, कुणालाच हात लावू द्यायचा नाही. मोरीत रबरी चटई, बसायला प्लास्टिकचं स्टूल, भिंतीला दांडा, रात्री छोटा दिवा. पायांना मुंग्या येत असतील तर आंघोळीचं पाणी बायकोनं आपल्या कोपरानं बघायचं, त्याच्या पायाला चटका कळत नाही. आणि पाठदुखीसोबत पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर त्याच तासाला हॉस्पिटल. मणक्यातली नस दबत असते, उशीर झाला की पाय परत येत नाहीत. हाडं बळकट करायचं इंजेक्शन सुरू व्हायच्या आधी दातांच्या डॉक्टरकडं जाऊन या. मध्येच दात काढायची वेळ आली तर जबड्याचं हाड भरून यायला त्रास देतं.

आणखी दोन गोष्टी बायकांना कुणी सांगत नाही. लेनालिडोमाइड किंवा पोमॅलिडोमाइड हे मायलोमाचं कॅप्सूलमधलं औषध २१ दिवस घ्यायचं आणि ७ दिवस बंद. कॅप्सूल फोडायची नाही, घरातल्या गरोदर लेकीला-सुनेला ती डबी भरायला सांगायची नाही, पोटातल्या बाळाला इजा होते. एखादा डोस विसरला आणि बारा तास उलटून गेले, तर तो सोडून द्यायचा, दुसऱ्या दिवशी दोन घ्यायचे नाहीत. औषध पुरुषाच्या वीर्यातही उतरतं, त्यामुळं नवरा-बायको जवळ येत असतील तर निरोध हवाच, नसबंदी झालेली असली तरी. हे बोलायला आमच्याकडं सगळ्यांनाच लाज वाटते, आणि मग ती बिचारी मनातच घाबरत राहते.

दुसरी रक्ताची. डाराटुमुमॅब हे मायलोमाचं इंजेक्शन सुरू करायच्या आधी रक्तगटाची सविस्तर तपासणी करून तो कागद पाकिटात ठेवायचा. या औषधामुळं रक्तपेढीतली जुळवणी गडबडते, रक्त जुळत नाही असं दिसतं, आणि औषध थांबल्यावरही पुढं सहा महिन्यांपर्यंत हे होऊ शकतं. गावाकडच्या हॉस्पिटलात रात्री रक्त लागलं आणि ही माहिती कुणालाच नसली, तर तास वाया जातात. तिच्या वहीच्या पुठ्ठ्याला आतून तो कागद चिकटवलेला आहे, प्लास्टिकमध्ये घालून.

पैशाचं एकच सांगते. औषधांचा संच बदलला की पहिला डोस घ्यायच्या आधी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला गाठा, महात्मा फुले या सरकारी आरोग्य योजनेत काय बसतं ते विचारा. खिशातून भरून मोकळं झाल्यावर विचारलं की फार उशीर झालेला असतो. आणि कुणी "ती नवी भारतीय कार-टी का देत नाहीत" म्हणून बायकोच्या मागं लागू नका. कार-टी म्हणजे पेशंटच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून त्याला परत द्यायच्या. २०२३ मध्ये मंजूर झालेली ती नेक्सकार-१९ बी-पेशींच्या लिंफोमा आणि ल्युकेमिया या दुसऱ्या ब्लड कॅन्सरसाठी आहे, तिचं लक्ष्य बी-पेशींवरची सीडी-१९ ही खूण आहे. मायलोमाच्या पेशींवर तिचा रोख नाही. बातमी तिनंही वाचलीय. डॉक्टरांना विचारूनही झालंय. उत्तर वहीत आहे.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. त्या मावशी वाईट नाहीत. बहिणीच्या लेकराला तिसऱ्यांदा असं बघताना त्या घाबरल्या असणार, आणि घाबरलेल्या माणसाला कुणावर तरी बोट ठेवायचं असतं. समजू शकते. पण ते बोट दर वेळी बायकोवरच का? नवरा आजारी पडला की तिनं पथ्य पाळलं नाही. ती आजारी पडली तर तिनं अंगावर काढलं. तिची स्वतःची बीपीची गोळी गेल्या दहा दिवसांत चार वेळा राहिली. हेही तिनं वहीतच लिहिलंय, अगदी शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात.

तुम्ही सगळे समजूतदार आहात, म्हणून स्पष्ट मागते. "काही लागलं तर सांग" म्हणू नका, ती सांगणार नाही. एक काम उचला आणि वार सांगा. "गुरुवारी दुपारी दोन तास मी बसतो, तू झोप." "सोमवारी सीबीसीचा रिपोर्ट मी आणून देते." सर्दी झाली असेल तर भेटायला जाऊच नका, डबा दाराशी ठेवा. घरातल्या सगळ्यांनी फ्लूची लस टोचून घ्या, ती टोचणंही मदतच आहे.

आज बुधवार आहे. आज रात्री तो झोपणार नाही, म्हणजे तीही नाही. मावशींचं घर त्या खोलीपासून रिक्षानं वीस मिनिटांवर आहे. रात्री नऊला जायचं, दारात हात साबणानं धुवायचे, मास्क लावायचा, तिला आतल्या बाजूला झोपायला सांगायचं आणि थर्मामीटर कुठं ठेवलंय तेवढं विचारून घ्यायचं.